हृदयातील गाठ आणि आयुष्याचा हिशेब

(बी. कॉम. द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी, जांबोटी)

हृदयाला कर्करोग होतो का, असा प्रश्न केला तर आपल्यापैकी बहुतेकजण नकारार्थी मान हलवतील. तोंडाचा, घशाचा, स्तनाचा, गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग आपण ऐकलेला असतो. निपाणीच्या तंबाखूच्या पट्ट्याशी ज्यांचा संबंध येतो त्यांना तोंडाच्या कर्करोगाविषयी तर वेगळे सांगायलाच नको. हृदय म्हटले की मात्र झटका, रक्तदाब आणि बायपास एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. वस्तुतः हृदयालाही कर्करोग होतो. तो अतिशय विरळा आहे, बहुधा उशिरा ओळखू येतो, आणि त्यावरील उपचार अजूनही अपुरे आहेत. प्रस्तुत लेखात प्रौढ माणसांना होणाऱ्या या रोगाची, त्याच्या उपचारांची आणि विशेषतः त्यातून माणसे किती काळ जगतात या आकड्यांची ओळख करून द्यावयाची आहे.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने वैद्यकाच्या प्रांतात शिरावे हा काहींना आगाऊपणा वाटेल. माझे म्हणणे असे की, या विषयाचा अर्धा भाग वैद्यकाचा असला तरी उरलेला अर्धा संख्याशास्त्राचा आहे, आणि तो आपल्या अभ्यासक्रमात आहे. डॉक्टर जेव्हा 'या रोगात मध्यक आयुर्मान बारा महिन्यांचे' असे सांगतात, तेव्हा घरच्यांच्या कानांवर 'बारा महिन्यांनी मरणार' असे पडते. या दोन वाक्यांत जे अंतर आहे ते आपल्याला समजावून सांगता आले पाहिजे; कारण खेड्यातल्या घरी दवाखान्याचे कागद वाचून दाखवण्याचे काम कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींकडेच येते.

प्रथम शब्दांचा विचार करू. शाळेत आपण हृदयाचे चार कप्पे शिकलो : वरची दोन अलिंदे व खालची दोन निलये. जुन्या मराठी पुस्तकांत अलिंदाला कर्णिका म्हणत. आपले कन्नड माध्यमाचे मित्र त्याला हृत्कर्ण म्हणतात. दोन्ही शब्दांत कान आहे, आणि युरोपातल्या जुन्या लॅटिन नावातही कानच आहे. हा भाग गमतीचा झाला. दुसऱ्या एका शब्दाने मात्र खरा घोटाळा होतो. मराठी वैद्यकीय परिभाषेत अर्बुद म्हणजे कोणतीही गाठ, मग ती साधी असो वा घातक. कन्नडमध्ये 'अर्बुद रोग' म्हणजे थेट कर्करोग. आमच्या सीमाभागात एकाच घरात दोन्ही भाषा चालतात, दवाखान्यात तिसरी इंग्रजी येऊन मिळते, आणि 'हृदयात अर्बुद आहे' हे वाक्य ऐकून एकाच्या मनात गाठ उभी राहते तर दुसऱ्याच्या मनात मरण.

आणि प्रत्यक्षात हृदयात उगवणाऱ्या गाठींपैकी सुमारे तीन चतुर्थांश गाठी साध्या असतात. प्रौढांत सर्वाधिक आढळणारी गाठ मिक्सोमा या नावाने ओळखली जाते. ही बहुधा डाव्या अलिंदात, दोन अलिंदांमधल्या पडद्याला देठाने लोंबकळणारी, शिजवलेल्या साबुदाण्यासारखी बुळबुळीत गाठ असते. साधी म्हणजे निरुपद्रवी मात्र नव्हे. ती झडपेत अडकून रक्ताची वाट बंद करू शकते आणि तिचा तुकडा सुटून मेंदूकडे गेला तर पक्षाघात होतो. परंतु शस्त्रक्रियेने ती देठासकट काढली की माणूस बहुतेक वेळा कायमचा बरा होतो. स्टॉकहोमच्या क्लेरन्स क्राफूर्ड यांनी १९५४ साली हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने अशी गाठ प्रथम यशस्वीपणे काढली. आमच्या शेजारच्या वाडीतल्या एका गृहस्थांना दम लागतो म्हणून बरेच दिवस दम्याची औषधे चालली होती. पुढे बेळगावला इको काढल्यावर हृदयात गाठ दिसली. ती बातमी वाडीत पोचेपर्यंत तिचा कर्करोग झाला होता, आणि कुणीतरी सहा महिन्यांची मुदतही घालून दिली होती. जमीन विकून मुंबई गाठावी की आहे ते पोरांसाठी राखावे, यावर दोन भावांत बोलणे बंद होण्याची वेळ आली. ती गाठ मिक्सोमा निघाली. गृहस्थ आज काजूच्या बागेत काम करतात. पण ती मिक्सोमा नसती तर त्या दोन भावांना काय सांगता आले असते, हा प्रश्न माझ्या मनात राहिला आणि त्यातून हे वाचन घडले.

उरलेल्या एक चतुर्थांश गाठी घातक असतात. त्यांत सर्वांत मोठा गट सार्कोमाचा. आपल्या परिचयाचे बहुतेक कर्करोग अवयवांच्या अस्तरांत किंवा ग्रंथींत सुरू होतात. सार्कोमा हा स्नायू, रक्तवाहिन्या, संयोजी ऊती अशा जोडणाऱ्या व आधार देणाऱ्या पेशींचा कर्करोग होय. हृदयात प्रामुख्याने आढळतो तो अँजिओसार्कोमा, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या आतील थराचा. तो बहुधा उजव्या अलिंदात होतो, हृदयावरच्या आवरणात रक्त साठवतो आणि ओळखू येण्याच्या आधीच पुष्कळदा फुप्फुसात पोचलेला असतो. इतर काही सार्कोमा डाव्या बाजूस होतात. याखेरीज लसीका पेशींचा लिम्फोमा आणि आवरणाचा मेसोथेलिओमा हे दोन लहान गट आहेत. 'आनंद' या १९७१ सालच्या चित्रपटामुळे लिम्फोसार्कोमा हे नाव आपल्याकडे घरोघरी गेले. पण तो आतड्याचा होता, आणि आजच्या वर्गीकरणात त्या जातीचे रोग सार्कोमात न धरता लिम्फोमात धरतात. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. फुप्फुस, स्तन आदी अवयवांचा कर्करोग पसरत हृदयापर्यंत जाणे, हे हृदयातच कर्करोग उगम पावण्याहून कितीतरी पटींनी अधिक घडते. प्रस्तुत लेख उगमाच्या रोगाविषयी आहे.

हा रोग इतका विरळा का? एक कारण हृदयाच्या स्वभावात आहे. कर्करोग म्हणजे पेशींच्या विभाजनातला बिघाड. त्वचेच्या व आतड्याच्या पेशी सतत नव्या होतात, म्हणून तिथे चूक होण्याची संधीही सतत असते. हृदयाच्या स्नायूपेशी मात्र जवळजवळ विभागतच नाहीत. 'जवळजवळ' हा शब्द किती मोठा धरावा, हे स्वीडनमधील योनास फ्रिसेन यांच्या गटाने २००९ साली मोठ्या युक्तीने मोजले. शीतयुद्धाच्या काळात झालेल्या अणुचाचण्यांमुळे वातावरणातले कार्बन-१४ वाढले होते व चाचण्या थांबल्यावर ते उतरत गेले. पेशीच्या गाभ्यात ते किती आहे यावरून पेशी कोणत्या सालात जन्मली हे कळते. त्यांचा निष्कर्ष असा की, वयाच्या २५ व्या वर्षी हृदयाच्या सुमारे १ टक्का स्नायूपेशी दरसाल बदलतात, तर ७५ व्या वर्षी हे प्रमाण ०.४५ टक्क्यावर येते. जन्मभरात निम्म्या पेशीसुद्धा बदलत नाहीत. आपल्या भाषेत सांगायचे तर हृदय हे मूळ भांडवलावर चालणारे दुकान आहे, नवा माल फारसा येत नाही. म्हणूनच तिथे कर्करोग क्वचित होतो, आणि म्हणूनच इजा झालेले हृदय पुरते भरूनही येत नाही. हृदयातले सार्कोमा या स्नायूपेशींपेक्षा रक्तवाहिन्या व संयोजी ऊतींशी नाते सांगणारे असतात, हेही या माहितीशी जुळते.

विरळा म्हणजे किती, याचा सर्वांत विस्तृत हिशेब अमेरिकेतल्या कर्करोग नोंदणीतून मिळतो. ऑलिव्हेरा व सहकाऱ्यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९७३ ते २०११ या ३९ वर्षांतल्या ७३,८४,५८० कर्करोग नोंदी तपासल्या. त्यांत हृदयातच उगम पावलेले कर्करोग निघाले अवघे ५५१. म्हणजे सुमारे १३,४०० कर्करोग्यांत एक. लोकसंख्येच्या मानाने हे प्रमाण दर दहा कोटी माणसांमागे ३४ असे पडते. त्यांत सार्कोमा ३५७, लिम्फोमा १५० व मेसोथेलिओमा ४४ होते. निदानाच्या वेळचे मध्यक वय ५० वर्षे, म्हणजे घर चालवणाऱ्या माणसाचे वय.

हाच दर आपल्याकडे लावून पाहिला तर? २०११ च्या जनगणनेनुसार कर्नाटकाची लोकसंख्या सुमारे ६.११ कोटी होती. त्या हिशेबाने राज्यात वर्षाला २१ रोगी येतात. बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४७.८ लाख, तिथे वर्षाला दीड-दोन. हा केवळ त्रैराशिकाचा अंदाज आहे, कारण अमेरिकेत वयस्कांचे प्रमाण आपल्याहून जास्त आहे आणि तिथली तपासणीही सुलभ आहे. तरी आकार समजण्यास तो पुरेसा आहे. जिल्ह्यातल्या एखाद्या डॉक्टरने सबंध कारकिर्दीत असा एकही रोगी पाहिला नाही तर त्यात आश्चर्य नाही. प्रत्यक्ष मोजणी का नाही, असा प्रश्न साहजिक आहे. कर्करोग नोंदणीचे काम आपल्या देशात मुंबईने १९६३ साली सुरू केले. १९८१ साली भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला व त्यात बंगळूर आले. १९८७ साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला देशातली पहिली ग्रामीण नोंदणी उभी राहिली. परंतु खातेवहीत हृदयाला स्वतंत्र पान मिळणे कठीण असते. रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात हृदयाच्या कर्करोगाला सी ३८.० असा स्वतःचा क्रमांक आहे खरा, पण जगभरच्या नोंदण्यांचे आकडे छापताना सी ३७ व सी ३८ मिळून 'छातीतील इतर अवयव' अशी एकच ओळ देण्याची पद्धत आहे. हिशेबनिसाला ही ओळ ओळखीची वाटेल. लहान रकमा 'किरकोळ खर्च' या नावाखाली घालतात, तशीच ही ओळ.

लक्षणांत खास असे काही नसते, हीच मोठी अडचण. दम लागणे, छातीत दुखणे, पाय सुजणे, धडधड, ताप, वजन घटणे. यांतले प्रत्येक लक्षण दुसऱ्या शंभर रोगांचे असते. आमच्याकडे चोर्ल्याच्या बाजूने पावसाळा चार महिने कोसळतो, तेव्हा दम लागणाऱ्या माणसाला दमाच झाला असे समजणे स्वाभाविकच आहे. जिवंत माणसात हृदयाच्या सार्कोमाचे निदान प्रथम १९३४ साली अमेरिकेत बार्न्स व सहकाऱ्यांनी केले. त्यापूर्वी हा रोग शवविच्छेदनातच दिसे. खरी सोय झाली ती ध्वनिलहरींनी हृदय पाहण्याच्या तंत्राने. स्वीडनच्या एडलर व हर्ट्झ यांनी १९५३ साली ते सुरू केले आणि आज आपण त्यालाच इको म्हणतो. इकोत गाठ दिसते. ती कोठपर्यंत रुतली आहे हे सीटी व एमआरआयने कळते. ती कसली आहे हे मात्र तुकडा तपासल्यावरच ठरते. या शेवटच्या पायरीला बायोप्सी म्हणतात व घरचे लोक तिलाच सर्वाधिक घाबरतात. सुई लावली की रोग पसरतो, हा समज आपल्याकडे घट्ट बसलेला आहे. बायोप्सीत धोका नसतो असे नाही, हृदयातून तुकडा काढणे नाजूकच काम; पण गाठीची जात न कळता उपचार ठरवणे हे अंधारात तीर मारण्यासारखे होय.

कारण जात बदलली की उपचार पार बदलतो. लिम्फोमा असेल तर मुख्य उपचार औषधांचा. गाठ पूर्ण कापण्याचा अट्टहास करण्याचे सहसा कारण नसते. सार्कोमा असेल तर शस्त्रक्रिया हाच पाया. हाताच्या मांडीच्या सार्कोमात डॉक्टर गाठीभोवतालचा निरोगी भागही रुंद काढून टाकतात. हृदयाचा असा रुंद भाग काढायचा कोठून? थोडे कमी कापले तर रोग मागे राहतो, थोडे जास्त कापले तर हृदय चालत नाही. डाव्या अलिंदाची गाठ तर हृदयाच्या मागच्या अंगाला असते, तिथे हातच नीट पोचत नाही. यावर अमेरिकेतल्या ह्यूस्टन येथील डॉ. मायकेल रिअर्डन यांनी १९९८ साली धाडसी उपाय केला. रोग्याला यंत्रावर ठेवून त्याचे हृदय पूर्णपणे बाहेर काढले, बाहेर ठेवून गाठ कापली, गेलेल्या जागी ठिगळ लावले आणि तेच हृदय पुन्हा त्याच छातीत बसवले. असे करणारी केंद्रे जगात मोजकीच आहेत. उजव्या बाजूच्या गाठींत पुढे ह्यूस्टनलाच आधी औषधे देऊन गाठ आटवायची व मग कापायची असा क्रम लावण्यात आला. त्याने गाठ पूर्ण निघण्याचे प्रमाण वाढलेले दिसले.

हृदयच बदलून टाकावे, असा विचार कुणाच्याही मनात येईल. हृदयरोपणाशी आपल्या मुंबईचे नाते जुने आहे. दक्षिण आफ्रिकेत ख्रिस्तियन बर्नार्ड यांनी ३ डिसेंबर १९६७ रोजी पहिले हृदयरोपण केले आणि त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातले पहिले हृदयरोपण केले. रोगी काही तासच जगला. तो काळच तसा होता. आज रोपण पुष्कळ सुधारले आहे, तरी हृदयाच्या सार्कोमात ते क्वचितच करतात. परके हृदय शरीराने स्वीकारावे म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे जन्मभर घ्यावी लागतात, आणि दबलेली प्रतिकारशक्ती शिल्लक राहिलेल्या कर्करोगाला मोकळे रान देते.

औषधांतले जुने व प्रमुख औषध डॉक्सोरुबिसिन. इटलीच्या मातीत सापडलेल्या जंतूंच्या घराण्यातून ते आले. रंगाने लालभडक असते. सार्कोमात त्याच्या जोडीला आयफॉस्फमाइड देतात, अँजिओसार्कोमात पॅक्लिटॅक्सेलही वापरतात. यातली विचित्र गोष्ट अशी की, डॉक्सोरुबिसिन हृदयाच्या स्नायूलाच अपाय करते. म्हणून जन्मभरात किती घ्यायचे याची मर्यादा घातलेली असते. शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला साधारण ४५० ते ५५० मिलिग्रॅम, आणि ती संपली की संपली, पुन्हा नव्याने मिळत नाही. ज्या अवयवासाठी औषध द्यावयाचे तोच अवयव त्या औषधाने झिजतो. किरणोपचाराचीही तीच कथा : निशाणा सतत हलतो आहे आणि त्याच्या आजूबाजूचे सगळेच नाजूक आहे.

आता मुख्य प्रश्न : माणसे किती जगतात? ऑलिव्हेरांच्या त्याच अभ्यासात निदानानंतर एक वर्षाने ४६ टक्के, तीन वर्षांनी २२ टक्के व पाच वर्षांनी १७ टक्के रोगी हयात होते. जातवार पाहिले तर सार्कोमात हे आकडे ४७, १६ व ११. लिम्फोमात ५९, ४१ व ३४. आकडे कठोर आहेत, ते सौम्य करून सांगण्यात अर्थ नाही. परंतु ताळेबंद नुसता बेरजेवरून वाचायचा नसतो, हे आपल्याला पहिल्या वर्षापासून शिकवतात.

शंभर रोगी धरा. पहिल्या वर्षात ५४ जातात. पुढच्या दोन वर्षांत २४. त्यापुढच्या दोन वर्षांत फक्त ५. म्हणजे जो माणूस तीन वर्षे पार करून आला त्याला पहिल्या दिवसाचा १७ टक्क्यांचा आकडा लावणे चूक ठरेल. तीन वर्षांनी उरलेल्या २२ पैकी १७ जण पाचव्या वर्षीही हयात होते, म्हणजे ७७ टक्के. केवळ सार्कोमाचे घेतले तरी १६ पैकी ११, म्हणजे सुमारे ६९ टक्के. माणूस जसजसा पुढे जातो तसतसा त्याच्यासाठीचा आकडा बदलत जातो. विमा कंपन्या हे फार पूर्वीपासून जाणतात. एडमंड हॅली, ज्यांचे नाव धूमकेतूला आहे, त्यांनी १६९३ साली ब्रेस्लाव शहराच्या जन्ममृत्यूंच्या नोंदींवरून जो मृत्यूतक्ता तयार केला त्याचे तत्त्व हेच : साठीच्या माणसाला किती वर्षे उरली हे जन्मलेल्या बाळाच्या आकड्यावरून सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट मध्यकाची. समजा, पाच रोगी अनुक्रमे २, ५, १२, २० आणि १११ महिने जगले. हे आकडे मी केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत. त्यांचा मध्यक १२ महिने, सरासरी मात्र ३० महिने. 'मध्यक बारा महिने' याचा अर्थ इतकाच की, निम्मे त्याच्या आत गेले व निम्मे त्याच्या पुढे गेले. पुढे गेलेले किती पुढे गेले याविषयी मध्यक अवाक्षर काढत नाही. जीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांना १९८२ साली पोटाचा मेसोथेलिओमा झाला, तेव्हा त्या रोगाचे मध्यक आयुर्मान आठ महिने असल्याचे त्यांच्या वाचनात आले. १९८५ साली त्यांनी याच मुद्द्यावर एक निबंध लिहिला. ते वीस वर्षे जगले आणि २००२ साली दुसऱ्याच कर्करोगाने वारले. अर्थात सर्वच जण गूल्ड होत नाहीत. लांब शेपटीत माणसे थोडीच असतात, आणि आपला माणूस त्या शेपटीत आहे असे गृहीत धरून जमीन विकणे हाही शहाणपणा नव्हे.

तिसरी गोष्ट अपुऱ्या खात्यांची. ३१ मार्चला वही बंद करताना काही खाती चालूच असतात. अभ्यास संपतो तेव्हाही काही रोगी जिवंत असतात, काही गाव बदलून गेलेले असतात. त्यांना वगळले तर हिशेब चुकतो आणि मेले असे धरले तरी चुकतो. १९५८ साली कॅप्लन व मायर या दोन संख्याशास्त्रज्ञांनी अशी अर्धवट खातीही ती चालू होती तितक्या काळापुरती हिशेबात घेण्याची रीत दिली, आणि आज कर्करोगाच्या प्रत्येक अभ्यासात दिसणारा पायऱ्यापायऱ्यांचा उतरता आलेख तो हाच. रोगी थोडे असले की त्या आलेखाच्या शेवटच्या पायऱ्या दोन-चार माणसांवर उभ्या असतात, हे मात्र आलेख बघताना डोळ्यांवर येत नाही.

प्रख्यात मेयो क्लिनिकचा २००८ सालचा अभ्यास पाहा. एवढे मोठे रुग्णालय, ३२ वर्षांचा काळ, आणि हृदयातच उगम पावलेल्या सार्कोमाचे रोगी केवळ ३४. ज्यांची गाठ पूर्ण काढता आली त्यांचे मध्यक आयुर्मान १७ महिने, ज्यांची पूर्ण निघाली नाही त्यांचे ६ महिने. हा फरक मोठा आहे व शस्त्रक्रियेच्या बाजूने बोलतो. तरीही मला वाटते की यातला काही वाटा आधीच ठरलेला असतो. ज्याची गाठ लहान, सोयीच्या जागी आणि न पसरलेली, त्याचीच पूर्ण निघणार. आणि तो तसाही थोडा अधिक जगला असता. सुरीचे श्रेय किती आणि नशिबाचे किती, हे वेगळे करायला चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडावे लागतात, आणि इतक्या विरळ्या रोगात तसे गट भरतच नाहीत.

प्रगती झाली का, याचे उत्तर मला त्या अमेरिकन आकड्यांतच सापडले, आणि ते थोडे अनपेक्षित आहे. १९७३ ते १९८९ या काळातल्या रोग्यांपैकी एक वर्षाने ३२ टक्के व पाच वर्षांनी १४ टक्के हयात होते. २००० ते २०११ या काळात हेच आकडे ५० व १९ झाले. वरवर पाहता दोन्हीकडे सुधारणा आहे. परंतु पहिले वर्ष काढलेल्यांपैकी पाचव्या वर्षापर्यंत किती पोचले, असे विचारले तर पूर्वी ३२ पैकी १४, म्हणजे ४४ टक्के, आणि नंतर ५० पैकी १९, म्हणजे ३८ टक्के. याचा अर्थ कमाई जवळजवळ सगळी पहिल्या वर्षात झाली आहे. चांगला इको, चांगला अतिदक्षता विभाग, चांगली शस्त्रक्रिया यांनी माणूस वर्षभर तगतो; मुळातला रोग मात्र पुढे आपला वाटा घेतोच. शिवाय निदान लवकर झाले की मोजणीही लवकर सुरू होते, आणि मरणाचा दिवस न हलताही आयुर्मान वाढलेले दिसते. यात उपचारांना कमी लेखण्याचा हेतू नाही. घरात बारावीची मुलगी असेल, हप्ते फिटायचे असतील, तर एक वर्ष ही काही क्षुल्लक रक्कम नव्हे.

आपल्या भागातल्या माणसाला यातले काय मिळू शकते? इको, सीटी, एमआरआय आणि हृदयाची शस्त्रक्रिया बेळगावच्या मोठ्या रुग्णालयांत होते. पुढची अडचण अशी की, हा रोग दोन खात्यांच्या मध्ये पडतो. परळला १९२६ साली सुरू झालेले के. ई. एम. आणि १९४१ साली सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. पण हृदयाचा रोगी एकीकडे जातो आणि कर्करोगाचा दुसरीकडे. बंगळूरलाही हृदयासाठी जयदेव संस्था व कर्करोगासाठी किदवाई संस्था. हृदयाच्या सार्कोमाला दोन्हींची एकत्र बैठक लागते, म्हणून पहिल्याच भेटीत 'हृदयशल्यचिकित्सक आणि कर्करोगतज्ज्ञ दोघांनी मिळून कागद पाहिले आहेत का' असे विचारण्यात मुळीच उद्धटपणा नाही. मुंबईत मुक्कामाचा प्रश्न असेल तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत टाटाच्या रोग्यांची व सोबतच्यांची सोय होते. खर्चासाठी २०१८ पासूनची आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजना आहे, तीत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत मदत मिळते. त्यासाठी सामान्यतः सरकारी दवाखान्याची शिफारस लागते, तेव्हा ते पत्र आधी घ्यावे आणि जमिनीचा सातबारा, म्हणजे आपला आर.टी.सी., कपाटातच राहू द्यावा.

कागदांविषयी एक सूचना. इकोचा नुसता छापील अहवाल नेऊन भागत नाही, चलचित्रांची सीडीही मागून घ्यावी. बायोप्सी झाली असेल तर काचेच्या स्लाइड आणि मेणात बसवलेला ऊतीचा ठोकळा, ज्याला ब्लॉक म्हणतात, तो प्रयोगशाळेत ठेवलेला असतो. मोठ्या रुग्णालयात ते पुन्हा तपासतात, कारण सार्कोमाच्या जाती ओळखणे अवघड असते आणि दुसऱ्या नजरेत जात बदलू शकते. लेखी अर्ज केला की ब्लॉक मिळतो. तो प्रवासात उन्हाने वितळू न देता, नावाची चिठ्ठी तपासून, पोचपावतीसह न्यावा आणि परत आणावा.